पाठ टेकल्यावर दिसणारे दिवे

लिफ्टला हिसका बसला आणि ती दोन मजल्यांच्या मध्येच थांबली. दिवा गेला नाही, नुसता फिकटला. आत दाटीवाटीने उभ्या असलेल्या माणसांनी श्वास रोखले आणि त्याच क्षणी त्याच्या उजव्या मनगटाभोवती कुणाचा तरी हात आला, दोनदा दाबला गेला. त्याने काही विचार करायच्या आत त्याच्याच बोटांनी उलट वळून उत्तर देऊन टाकलं. दोनदा. मग लिफ्ट खाकरल्यासारखी करून पुन्हा वर निघाली, कुणीतरी उगाच हसलं, आणि त्याने मान वळवून बघितलं तर शेजारी म्हातारा काठीवर भार टाकून दाराकडे बघत उभा होता. या काळ्या कोटातल्या वकिलाशी आपला काडीचा संबंध नाही, अशा चेहऱ्याने. आणि हा तर त्याच वकिलाचा अशील. आजच्या सुनावणीत त्याचीच साक्ष होती. वकिलाला हसू आलं, आणि हसू ओसरलं तरी मनगटावरचा दाब गेला नाही. इतक्या वर्षांनी हा हात आपल्याला काही विचारत होता की काही सांगत होता, हे त्याला कळेना. आणि एखादी गोष्ट कळली नाही की तिच्या मागे लागायचं, ही त्याची जुनीच खोड.

दोघे कुस्तीच्या रिंगमध्ये होते तेव्हा त्या दाबाचा अर्थ लहान मुलाला कळेल इतका सरळ होता. ज्याने आपटलं त्याने आपटलेल्याच्या अंगावर पडायचं, लोकांना वाटावं की आता हा त्याचा जीव घेतो, आणि त्या गडबडीत मनगट पकडून दोनदा दाबायचं. ठीक आहेस ना? खालच्याने दोनदा दाबलं की ठीक, चालू दे. उत्तर आलं नाही तर खेळ कसाही करून आवरता घ्यायचा. बस, एवढंच. हजारो लोक शिट्ट्या मारत, खुर्च्या बडवत, आणि त्या सगळ्या गदारोळाच्या तळाशी दोन माणसं एकमेकांची अशी चौकशी करत असत. त्याच्या बायकोनेही इतक्या वेळा त्याला ठीक आहात का म्हणून विचारलं नसेल. वकिलाला तेव्हा सगळे पोलाद म्हणायचे आणि म्हाताऱ्याला गिधाड. पोलादाची चड्डी चकचकीत रुपेरी. गिधाडाच्या गळ्यात काळ्या पिसांची झालर, तिला डांबराच्या गोळ्यांचा असा वास की गिधाड अंगावर आलं की पोलादाला खरोखरच शिंका यायच्या. पोलादाने जिंकायचं, गिधाडाने आधी डोळ्यात भुकटी फेकायची, पंचाच्या पाठीमागून लाथा घालायच्या, आणि शेवटी उचलून आपटून घ्यायचं. गावोगाव हेच. कुस्त्या भरवणाऱ्या कंपनीचा मालक सकाळी न्याहारीच्या वेळी बोटाने टेबलावर रेघा ओढून सांगायचा, कोण कधी पडणार, कसा पडणार, किती वेळ पडून राहणार. आणि बसही दोन असत, चांगल्यांची एक आणि वाइटांची एक. चांगला आणि वाईट एका टेबलावर जेवताना दिसले तर दोघांचीही हकालपट्टी व्हायची. ड्रेसिंगरूममध्ये कुणी परका शिरला की जवळचा माणूस हळूच म्हणायचा, झाकण. की लगेच सगळे गप्प, आणि चांगल्यांनी वाइटांकडे डोळे वटारायचे. पोलादाच्या लग्नात गिधाड मांडवात येऊ शकलं नाही. ते समोरच्या फुटपाथवर टोपी डोळ्यांवर ओढून उभं राहिलं होतं, आणि नवऱ्या मुलाने गाडीत बसताना उगाच तिकडे बघून मूठ उगारली, म्हणजे त्या मुठीत जे काही होतं ते पोचवलं.

न्यायालयाचा मजला आला. लोक सांडल्यासारखे बाहेर पडले. म्हातारा काठी टेकत पुढे गेला आणि त्याच्यामागे त्याची मुलगी, हातात त्याचा कोट घेऊन. ही मुलगी एका इस्पितळात नर्स होती, आणि मागच्या वर्षी हीच आधी ऑफिसात आली होती. बसायला सांगितलं तरी बसली नाही. भिंतीवरच्या जुन्या फोटोकडे बघत ती म्हणाली होती, "मी लहानपणी तुमच्या हाताला चावले होते. स्टेडियमच्या मागच्या दाराशी. आठवतंय?" त्याला आठवत होतं. मनगटाच्या जरा वर, अजून एक फिकट खूण होती. मग तिने सांगितलं की बाबांची पाठ आता गेल्यात जमा आहे, शस्त्रक्रिया झाली तर बसता-उठता तरी येईल, आणि कंपनी म्हणते की तुमचे वडील आमच्याकडे कामाला नव्हतेच, ते खेळाडू होते, खेळात लागतं. "पाठ तुम्ही मोडलीत," ती म्हणाली, "तेव्हा आता तुम्हीच बघा." तिच्या आवाजात राग नव्हता, हिशेबाचा कोरडेपणाही नव्हता. लहानपणापासून एक गोष्ट माहीत आहे आणि ती आता योग्य खिडकीवर देऊन टाकायची आहे, असं ती बोलत होती. त्याला तेव्हा जे आश्चर्य वाटलं ते अजून ओसरलं नव्हतं. म्हाताऱ्याने घरातही झाकण उघडलं नव्हतं. पोटच्या पोरीपाशीही नाही. रोज संध्याकाळी घरी जाऊन पोरीला सांगायला काय हरकत होती, की अगं, तो माझा मित्र आहे, आम्ही ठरवून करतो? पण तो आपल्या पोरीच्या डोळ्यांदेखतही हरत राहिला होता.

तो स्वतः वकिलीकडे वळला त्यालाही खरं कारण कुतूहलच होतं. गुडघे बोलायला लागल्यावर त्याने रिंग सोडली आणि रात्रशाळेसारख्या एका कॉलेजात कायद्याला नाव घातलं, तेव्हा वर्गातली पोरं त्याला बघायला मागच्या बाकांवरून वळायची. त्याला एक अशी जागा हवी होती जिथे कोण जिंकणार हे सकाळी न्याहारीला ठरत नाही. मिळाली का? मिळाली म्हणायची. निदान इथे दोन्ही बाजूंचे वकील आत भांडून बाहेर एकत्र चहा पितात, उघडपणे, आणि कुणाची हकालपट्टी होत नाही, याचीच त्याला पहिली काही वर्षं गंमत वाटायची. मग राजकारण. नगरसभेत एकदा निवडून आला, रस्त्यांवर, नळांवर, शाळांच्या छपरांवर भांडला. इथे माणसं चारचौघांत गळ्यात गळे घालतात आणि बंद दाराआड गळे दाबतात, म्हणजे रिंगच्या नेमकं उलट. त्याला या उलटसुलटचा नाद लागला होता. लोकांना वाटायचं पैलवानगडी आहे, साधा असेल. तो साधा नव्हता. तो नुसता बघत असायचा, की कोण खरंच मारतंय आणि कोण नुसता पाय आपटून आवाज काढतंय.

आता विधानसभेची निवडणूक तोंडावर आली होती. न्यायालयाच्या कुंपणाच्या भिंतीवरसुद्धा त्याचं पोस्टर होतं. रुपेरी चड्डीतला जुना फोटो, त्यावर नवा कोट घातलेला चेहरा, आणि खाली ठळक अक्षरांत: ज्याची पाठ कधी टेकली नाही. ही ओळ प्रचारप्रमुखाची. हा प्रचारप्रमुख म्हणजे एक हडकुळा, सतत खोकल्याच्या गोळ्या चघळणारा माणूस, ज्याला जगातल्या प्रत्येक गोष्टीची ओळ सुचायची. त्याने काल रात्री फोनवर बजावलं होतं की सुनावणी ज्युनिअरकडे सोपवा, तुम्ही जाऊच नका. गेलात तर निदान सामने ठरलेले होते या विषयाला हात लावू नका. लोक तुम्हाला मत देतात ते तुम्ही कायदा शिकलात म्हणून नव्हे, त्यांच्या बापांनी त्यांना खांद्यावर बसवून तुम्हाला जिंकताना दाखवलं म्हणून. ते खोटं होतं हे त्यांना माहीत नाही का, त्याने विचारलं. प्रमुखाच्या तोंडातली गोळी एका गालातून दुसऱ्या गालात गेल्याचा आवाज आला. "माहीत आहे," तो म्हणाला, "पण तुम्ही सांगितलंत तर ते माफ करणार नाहीत." हे वाक्य त्याला इतकं आवडलं की फोन ठेवल्यावर त्याने ते बायकोला ऐकवलं. बायको शाळेत शिकवायची, पेपर तपासत होती. तिने मान वर न करता विचारलं, "आणि तुम्ही?" तो तिच्या लाल पेनाकडे बघत राहिला.

सुनावणीची खोली लहान होती. पातळ सतरंजीखाली लाकडी जमीन, पाऊल टाकलं की खालून पोकळ वाजणारी. त्याच्या तळपायांनी ते आधी ओळखलं, मग त्याने. लाकडाखाली मोकळी जागा असली की पडणं सोपं जातं, हे त्याला कुणी पुस्तकात शिकवलं नव्हतं. न्यायाधीशबाई चष्मा पुसत होत्या. कंपनीचे वकील गोरेगोमटे, तब्येतीने भरलेले, जन्मात कुणाचा धक्का न लागलेले असे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की कुस्ती हा खेळ आहे. खेळाडू आपल्या मर्जीने उतरतो, जिंकतो किंवा हरतो, त्यात हाड मोडलं तर तो त्याच्या नशिबाचा भाग. ज्याचा निकाल कुणाच्याच हातात नाही त्या गोष्टीला नोकरी कसं म्हणणार? आणि म्हाताऱ्याच्या बाजूने त्याचं म्हणणं, की निकाल मालकाच्या हातात होता, कोणी कधी आणि कसं आपटून घ्यायचं हे मालक ठरवायचा, म्हणून ते काम, आणि कामात मोडलेली पाठ ही कामात मोडलेली पाठ. सगळा खटला एवढ्या एका प्रश्नावर उभा होता. आणि मालक वारला होता, मालकाचा मुलगा कानांवर हात ठेवत होता, बाकीचे जुने गडी झाकण ठेवून होते. राहिला म्हातारा. म्हातारा फक्त हो म्हणाला असता तरी पुरे होतं.

म्हातारा साक्षीच्या खुर्चीत बसला तेव्हा खुर्ची त्याला मोठी झाली. शपथ घेतली. नाव, वय, काम सांगितलं. मग त्याने आपल्या अशिलाला तो प्रश्न विचारला, ज्याचा सराव ज्युनिअरने म्हाताऱ्याकडून कितीदा तरी करून घेतला होता.

"शेवटच्या सामन्याचा निकाल आधी ठरला होता का?"

म्हाताऱ्याने त्याच्याकडे बघितलं. मग खिडकीकडे. खिडकीतून कुंपणाची भिंत दिसत होती आणि तिच्यावर रुपेरी चड्डी.

"नाही," म्हातारा म्हणाला. "हे माझ्यापेक्षा ताकदवान होते. मी हरलो."

ज्युनिअरच्या हातातलं पेन थांबलं. ही ज्युनिअर हुशार मुलगी, तिने लगेच त्याच्याकडे बघितलं, की साक्षीदार उलटला, आता? कंपनीच्या वकिलांनी उलटतपासणीत वेळ घालवला नाही. त्यांनी नुसतं हसत विचारलं, म्हणजे तुम्हाला यांनी उचलून आपटलं, तुम्ही स्वतःहून उडी मारलीत असं तर म्हणायचं नाही ना? खोलीत खसखस पिकली. म्हातारा म्हणाला, छे, असं कोण करेल. आणि अगदी हलकेच, खेळ नीट वठल्यावर वाटतं तसं समाधान त्याच्या तोंडावर आलं. मागच्या बाकावर त्याची मुलगी मांडीवरचा कोट घट्ट धरून बसली होती. न्यायाधीशबाईंनी चहाची सुट्टी दिली.

बाहेर व्हरांड्यात लांब बाक होता आणि एक यंत्र, ज्यातून चहा म्हणून काहीतरी तपकिरी पडायचं. ज्युनिअर म्हाताऱ्याच्या मुलीला काही समजावत जिन्यापाशी उभी राहिली. तो दोन कप घेऊन बाकावर म्हाताऱ्याच्या शेजारी बसला, मध्ये एका माणसाची जागा सोडून, कारण ती सोडायची इतकी सवय होती. त्याला राग यायला हवा होता. आला नाही. त्याला म्हातारा बघावासाच वाटत होता. हा माणूस आताच एका वाक्यात आपली शस्त्रक्रिया, आपलं उरलेलं उठणं-बसणं देऊन बसला होता, आणि कशासाठी, तर समोरच्या भिंतीवरची ओळ खोटी पडू नये म्हणून. त्याने खालच्या आवाजात विचारलं की असं का केलंस. म्हाताऱ्याने ओठ न हलवता, जुन्या पद्धतीने उत्तर दिलं, "तुझी निवडणूक आहे ना, लेका. आता कसं उघडायचं?" आणि चहा प्यायला. चहा वाईट आहे असं त्याने तोंड केलं.

मग त्याला ते विचारावंसं वाटलं जे इतकी वर्षं विचारलं नव्हतं. शेवटचा सामना. दुपारचा खेळ, छपरातून पत्र्यांच्या फटींमधून ऊन खाली आलेलं. पोलादाचा निरोपाचा सामना म्हणून आईबापांनी पोरं आणलेली. ठरलं होतं की दोनदा आपटायचं. पहिल्यांदा आपटलं तेव्हा आवाज वेगळा आला. रोजच्या पडण्याचा आवाज भरलेला असतो, पाठ, तळवे, सगळं एकदम. हा तुटक होता. तो अंगावर पडला, मनगट धरलं, दाबलं. पिसांत शिंक दाबत त्याने वाट बघितली. उत्तर आलं. दोनदा, नेहमीसारखं, ना हळू ना घाईने. म्हणून त्याने दुसऱ्यांदा उचललं. त्यानंतर गिधाड उठलं नाही, आणि लोकांना वाटलं काय सुंदर अभिनय करतंय, म्हणजे अभिनय असं कुणी म्हणालं नाही, पण टाळ्या थांबेनात. इतकी वर्षं त्याने ते दोन दाब मनात फिरवून फिरवून बघितले होते. डॉक्टर म्हणाले होते की पहिल्याच पडण्यात मणका गेला असेल. मग तो हात खोटं बोलला का? त्या हाताने आयुष्यात एकदाही खोटं सांगितलं नव्हतं, सगळ्या खोट्या खेळात तेवढीच एक खरी गोष्ट होती, आणि तीच खोटी निघाली असेल तर मग खाली काय उरतं?

"त्या दिवशी," तो म्हणाला, "पहिल्यांदा पडलास तेव्हा. तू दाबलंस. लागलं होतं ना?"

म्हाताऱ्याने उरलेला चहा कपात हलवला. तिथून पुढे तो जे बोलला त्याचा प्रश्नाशी संबंध आहे की नाही हे कळेना. म्हणाला, "तू दिवे कधी बघितलेच नाहीस." कुठले दिवे? "रिंगवरचे. पाठ टेकली की दिसतात, सरळ वर. बघणाऱ्याला वाटतं की हरलेला माणूस डोळे मिटून पडलाय. तो दिवे बघत असतो. गावोगावचे वेगळे. एका ठिकाणी झुंबर होतं, नाटकाचं थिएटर होतं ते. सगळं आटपलेलं असतं, आपल्याला काही करायचं नसतं. वरच्याचा हात येतो, विचारतो. बरं वाटतं रे." आणि मग काठी सरकवून म्हणाला, झाकण, कारण जिन्याकडून मुलगी येत होती.

ती समोर येऊन उभी राहिली. बापाच्या गळ्यातला मफलर तिने सारखा केला, आणि वकिलाकडे बघून, तोच कोरडा आवाज काढायचा प्रयत्न करत म्हणाली, "एवढं विचारायचं होतं. तुम्ही खरंच ताकदवान होतात?" तिला माहीत होतं. कधीपासून माहीत होतं कोण जाणे, मोठ्या माणसाला माहीत असतंच. पण तिला कुणीतरी सांगायला हवं होतं. म्हातारा मान खाली घालून मफलरची गाठ चाचपत राहिला. आणि वकिलाला एकदम कळलं की आपण नाही बोललो तर हा माणूस आज पुन्हा आपल्यासाठी हरणार आहे, पोरीसमोर, आणि या वेळी वर उठणारच नाही. निवडणुका पाच वर्षांनी पुन्हा येतात. हे त्याने मनाशी म्हणून बघितलं, आणि ते खरं नव्हतं. या वयात, हे सांगून झाल्यावर, पुन्हा काही येणार नव्हतं. नगरसभेतल्या त्या अर्ध्या राहिलेल्या शाळा त्याला आठवल्या, तिथल्या गळक्या छपरांसाठी काय काय करायचं योजलं होतं ते आठवलं. तरी तो उठला.

आत गेल्यावर त्याने न्यायाधीशबाईंना सांगितलं की पुढचा साक्षीदार मी स्वतः आहे. कंपनीचे वकील ताडकन उभे राहिले. बाईंनी चष्म्यावरून बघत समजावलं की साक्षीदार झालात तर तुम्हाला या खटल्यात वकील राहता येणार नाही. त्याने कोट काढला, घडी केली, आणि ज्युनिअरच्या टेबलावर ठेवला. ती बिचारी गोंधळली, पण उभी राहिली. तिचा पहिलाच मोठा खटला आणि पहिलाच साक्षीदार आपलाच साहेब. शपथेनंतर तिने चाचरत तोच प्रश्न विचारला, आणि त्याने उत्तर दिलं, "सगळे सामने आधी ठरलेले होते. मी आयुष्यात एकही जिंकलेलो नाही. हे जिंकू द्यायचे." मागे कुणीतरी, वर्तमानपत्राचं असावं, मोबाइल वर धरला. म्हाताऱ्याने डोळे मिटून घेतले. बाहेरच्या यंत्रातून चहा पडल्याचा आवाज आत ऐकू आला.

कंपनीच्या वकिलांना मात्र अजून हसू येत होतं. त्यांनी विचारलं की साहेब, तुम्ही निवडणुकीला उभे आहात, कामगारांची मतं हवीत, ते ठीक. पण शंभरेक किलोचा माणूस हवेत उडतो तो स्वतःच्या मर्जीने, हे कुणाला पटेल? तो म्हणाला, दाखवतो. बाई क्षणभर त्याच्याकडे बघत राहिल्या. त्यांच्याही चेहऱ्यावर ते आलं होतं जे त्याला ओळखीचं होतं, लहान मुलाच्या तोंडावर पडद्यामागे डोकावताना येतं तेच. दाखवा, त्या म्हणाल्या, पण जपून.

तो म्हाताऱ्यासमोर जाऊन उभा राहिला. म्हातारा काठीवर उठला, खांद्याच्या वर ज्याचा हात जात नाही असा, आणि ओठ न हलवता म्हणाला, झाकण, लेका, झाकण. पोलादाने म्हाताऱ्याच्या हातात आपलं मनगट दिलं आणि उलट्या बोटांनी दोनदा दाबलं. ठीक? हात थंड होता. उत्तर येईना. सबंध खोली वाट बघत होती आणि त्यातल्या कुणालाच माहीत नव्हतं की आपण कशाची वाट बघतोय. त्याने पुन्हा दाबलं नाही, तसं करायचं नसतं. मग त्या थंड बोटांत हळूहळू जीव आला. दाबलं. एकदा. आणि म्हाताऱ्याची कंबर, मोडकी, अगदी किंचित, दार लोटताना वळते तेवढी, वळली, डावा खांदा खाली आला, आणि दुसऱ्यांदा दाबलं.

त्याने उडी घेतली. हनुवटी छातीला, श्वास बाहेर. गुरूने पहिल्या वर्षी दुसरं काही शिकवलंच नव्हतं. त्याचे पाय बसलेल्या बायका-पुरुषांच्या डोक्यांच्या उंचीवरून गेले, कंपनीच्या वकिलांच्या कागदांना वारा लागला, आणि मग जमीन आली. पाठ, मोकळा तळवा, सगळं एकदम. लाकूड तोफेसारखं वाजलं. कुणीतरी किंचाळलं. पण वय झालं होतं आणि जमीन रिंगची नव्हती, आणि उजव्या कमरेत आत खोल काहीतरी सटकल्याचं त्याला स्पष्ट कळलं, एक पांढरी कळ गुडघ्यापर्यंत गेली.

म्हाताऱ्याच्या हातात त्याचं मनगट अजून होतं. वरून तो वाकू शकत नव्हता, नुसता बघत होता, आणि त्या तोंडावरची भीती पोलादाने कधी पाहिली नव्हती, ती फक्त आतून माहीत होती. वरच्या माणसाची भीती. हाताने विचारलं. दोनदा.

कमरेतली कळ थांबली नव्हती. काहीतरी बिघडलं होतं, नक्की. आणि त्याच्या बोटांनी, त्याला न विचारता, उत्तर दिलं. दोनदा, ना हळू ना घाईने. ते देऊन झाल्यावर त्याच्या लक्षात आलं की इतकी वर्षं पडलेल्या प्रश्नाचं उत्तर आताच त्याच्या हातून गेलं. हात खोटं बोलला नव्हता. हाताने लागलं का याचं उत्तर दिलंच नव्हतं. हाताने सांगितलं होतं, चालू दे, मी आहे. त्याचे डोळे भरून आले आणि ते पुसायला उजवा हात मोकळा नव्हता.

न्यायाधीशबाई टंकलेखिकेला सांगत होत्या, आवाज जरा चढलेला, की नोंद घ्या, साक्षीदार पडला, पाडणाऱ्याने जोर लावला नाही. कंपनीचे वकील उभेच होते आणि कागद गोळा करत नव्हते. मोबाइल दोन-तीन झाले होते. मागच्या बाकावरून म्हाताऱ्याची मुलगी पुढे आली होती. लहानपणी ती या क्षणी डोळे झाकून घ्यायची. आता ती उघड्या डोळ्यांनी आपल्या बापाकडे बघत होती, जो काठी टाकून, एका हातात एवढा थोरला माणूस धरून, ताठ नाही तरी उभा होता. तिने काठी उचलून दिली नाही, एवढंच.

"दिसले?" म्हाताऱ्याने विचारलं. या वेळी ओठ हलवून, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

त्याने वर बघितलं. छताला पिवळट ओल आली होती, पंख्याचा मधला दांडा जरा वाकडा होता, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना नळीचे दिवे होते. काही करायचं उरलं नव्हतं.

"दिसले," तो म्हणाला. "एक बंद आहे."